प्राणिनिवाऱ्यातील स्वयंसेवा

निराधार, आजारी, जखमी, वृद्ध किंवा मालकाने टाकून दिलेल्या प्राण्यांना आश्रय, अन्न व उपचार देणाऱ्या संस्थेस प्राणिनिवारा म्हणतात. अशा संस्थेत वेतन न घेता, ठरलेल्या वेळी व संस्थेच्या शिस्तीत राहून काम करणे म्हणजे प्राणिनिवाऱ्यातील स्वयंसेवा होय. प्राण्यांना घास घालणे, गोग्रास देणे, पक्ष्यांना दाणे टाकणे हे भूतदयेचे प्रकार भारतात परंपरेने चालत आले आहेत. परंतु ते व्यक्तीच्या इच्छेवर व सवडीवर अवलंबून असतात. निवाऱ्यातील प्राणी बंदिस्त असल्यामुळे त्याला स्वतःचे अन्न शोधता येत नाही आणि रोगी प्राण्यापासून दूरही जाता येत नाही. त्यामुळे तेथील सेवेत नियमितपणास दयाबुद्धीइतकेच महत्त्व असते. मुंबई शहरात भुलेश्वर, परळ व महालक्ष्मी या भागांत या सेवेचे तीन भिन्न प्रकार विकसित झाले. त्यांवरून या कार्याचे स्वरूप व त्याच्या मर्यादा चांगल्या प्रकारे ध्यानात येतात.

पूर्वपीठिका : सम्राट अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात (इ. स. पू. तिसरे शतक) मनुष्य व पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. मध्ययुगात जैन व वैष्णव व्यापाऱ्यांनी गुजरातमधील नगरांत पांजरपोळ चालविले. पांजरपोळात निरुपयोगी झालेल्या गाईबैलांप्रमाणेच पक्षी, शेळ्या व इतर जीवांनाही मरेपर्यंत आश्रय मिळे. प्राण्याला कोणत्याही कारणाने ठार न मारणे हे पांजरपोळाचे मूलतत्त्व होय. यूरोपात याहून निराळ्या विचाराने या कार्यास आरंभ झाला. लंडन येथे १८२४ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्थेचा भर प्राण्यांना होणाऱ्या वेदना टाळण्यावर व क्रूरतेबद्दल शिक्षा घडवून आणण्यावर होता. मात्र असाध्य वेदनेतून सोडविण्यासाठी प्राण्याचे जीवित संपविणे या संस्थेस निषिद्ध वाटत नव्हते. हे दोन्ही विचारप्रवाह एकोणिसाव्या शतकात मुंबईत एकत्र आले. त्यांतील ताण आजही निवाऱ्यांच्या दैनंदिन कारभारात जाणवतो.

मुंबईचा पांजरपोळ : मुंबईतील भटकी कुत्री ठराविक मोसमात ठार मारण्याचा नियम ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत अंमलात होता. १८३२ मध्ये या मोहिमेची मुदत वाढविण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने कुत्री पकडणारे शिपाई लोकांच्या घरांतील कुत्रीही ओढून नेत, अशी तक्रार होती. पारशी धर्मात कुत्र्यास पवित्र स्थान असून अंत्यविधीतही त्याचे प्रयोजन असते. ६ जून १८३२ रोजी पारशी समाजाच्या जमावाने कुत्री पकडणाऱ्यांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजारपेठा बंद ठेवण्यात आल्या आणि कुलाब्यातील लष्करी छावणीचा पुरवठाही खंडित झाला. या बंदमध्ये हिंदू व जैन व्यापारीही सामील झाले होते. अखेर सैन्य बोलावून दंगा मोडण्यात आला. परंतु शहरातील उपद्रवी व निराधार प्राण्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.

या पार्श्वभूमीवर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) आणि मोतीशा कुटुंबासारखे जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. गिरगावच्या पूर्वेस, भुलेश्वर व माधवबाग यांच्या निकट असलेली त्याची जागा आजही त्याच नावाने ओळखली जाते. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने लहानसा कर बसवून संस्थेच्या खर्चाची तरतूद केली. पुढे शहराची वस्ती दाट झाल्यावर चेंबूर व ठाणे जिल्ह्याच्या परिसरात संस्थेच्या शाखा निघाल्या. मुंबईतील चेंबूरच्या एका चौकास पांजरपोळ हे नाव त्यावरूनच पडले आहे.

पांजरपोळाच्या या रचनेत सर्वसामान्य नागरिकाचा सहभाग मुख्यत्वे देणगीदाराचा व दर्शनार्थीचा असे. मकरसंक्रांतीस व इतर पर्वकाळी भुलेश्वरात गाईंना चारा घालण्यासाठी मोठी गर्दी होते. ही श्रद्धा संस्थेच्या उत्पन्नाचा आधार आहे. तथापि तिच्यातून एक प्रश्नही निर्माण होतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतुमय पदार्थांचे पचन करतात. शिजविलेला भात, पोळ्या, गूळ, मिठाई किंवा धान्य एकाच दिवशी मोठ्या प्रमाणात खाऊ घातल्यास पोटात आम्ल झपाट्याने वाढते, जनावराचे रवंथ थांबते व प्रसंगी ते दगावते. त्यामुळे भाविकाच्या हातातील अन्न पाहून त्यातील काय द्यावयाचे व काय परत करावयाचे, हे सौजन्याने सांगणे हेही अशा ठिकाणी स्वयंसेवकाचे महत्त्वाचे काम ठरते.

परळचे पशुरुग्णालय : १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी शहरात घोड्यांनी ओढावयाची ट्रामगाडी सुरू झाली होती. बैलगाड्या, छकडे, व्हिक्टोरिया गाड्या व ट्रामगाड्या यांवर शहराची बरीचशी वाहतूक अवलंबून होती. क्षमतेबाहेर ओझे लादणे, जखमी खांद्यावर जू ठेवणे, लंगड्या घोड्यास गाडीस जुंपणे हे प्रकार नित्याचे होते. अशा गाडीवानास दंड झाला, तरी जनावर कोठे ठेवावयाचे हा प्रश्न शिल्लक राही. तो सोडविण्यासाठी गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट (१८२३–१९०१) यांच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले (१८८३–८४). रुग्णालयास त्यांच्या पत्नीचे नाव देण्यात आले. १८८६ मध्ये त्याच्याच सान्निध्यात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होत. उपचार, शिक्षण व कायद्याची अंमलबजावणी यांची अशी सांगड त्या काळी भारतात विरळाच होती. १९०५ मध्ये घोड्यांच्या ट्रामगाड्या बंद झाल्या. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्याही बेकायदा ठरविल्या. परिणामी रुग्णालयातील घोडे व बैल कमी होत गेले आणि कुत्री, मांजरे व पक्षी यांची संख्या वाढली. संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्याने पंख कापलेल्या घारी व कबुतरे यांना तातडीच्या उपचारांची गरज भासते. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली असली, तरी असे अपघात थांबलेले नाहीत.

रस्त्यावरील कुत्री व निर्बीजीकरण : १८३२ नंतरही भटकी कुत्री पकडून मारण्याचे धोरण मुंबईत दीर्घकाळ चालू राहिले, परंतु त्यांची संख्या कायमची घटली नाही. कुत्र्यांची संख्या रस्त्यावर उपलब्ध असणाऱ्या खरकट्यावर व आडोशाच्या जागांवर अवलंबून असते. एका गल्लीतील कुत्री नाहीशी केल्यास शेजारची कुत्री तेथे शिरतात व उरलेल्या माद्यांची पिले अधिक प्रमाणात जगतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही केवळ कुत्री मारण्याऐवजी लसीकरण, प्रजनन नियंत्रण व कचऱ्याची विल्हेवाट या उपायांवर भर देण्यात आला. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ या संस्थेने महापालिकेच्या महालक्ष्मी येथील श्वानगृहात निर्बीजीकरण केंद्र चालविले. पूर्वी जेथे कुत्री मारण्यासाठी आणली जात, तेथेच ती शस्त्रक्रियेसाठी येऊ लागली. १९९०–२००० या दशकात न्यायालयीन आदेशांमुळे मुंबईतील कुत्री मारण्याचे धोरण मागे पडले. २००१ मध्ये केंद्र शासनाने श्वान प्रजनन नियंत्रणाचे नियम केले. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. या पद्धतीत कुत्रे पकडून त्याचे निर्बीजीकरण व अलर्करोगप्रतिबंधक लसीकरण करतात, ओळख पटावी म्हणून कानाला खाच देतात आणि जखम भरल्यावर ज्या ठिकाणाहून आणले त्याच ठिकाणी त्यास सोडतात. बृहन्मुंबईत २०१४ मध्ये झालेल्या गणनेत सु. ९५,००० आणि २०२४ मधील गणनेत सु. ९१,००० भटकी कुत्री आढळली.

या बदलाने निवाऱ्याची कल्पनाच पालटली. पांजरपोळ हे प्राण्याचे अखेरचे घर असते, रुग्णालय हे बरे होईपर्यंतचे स्थान असते, तर निर्बीजीकरण केंद्रात प्राण्याचा मुक्काम थोड्याच दिवसांचा असतो. स्वयंसेवकाच्या कामाचे स्वरूपही त्यानुसार बदलते. पांजरपोळात त्याला एका जनावराची वर्षानुवर्षे ओळख राहते. निर्बीजीकरण केंद्रात मात्र कोणते कुत्रे कोणत्या गल्लीतून आले याची अचूक नोंद ठेवणे हीच मोठी सेवा असते. लालबागच्या एखाद्या चाळीसमोर वाढलेले कुत्रे चुकून दादरच्या बाजारात सोडले गेले, तर तेथील कुत्री त्याच्यावर तुटून पडतात. अन्नाच्या व ओळखीच्या जागेच्या शोधात ते वाहनाखाली सापडण्याचाही संभव असतो.

कामाचे स्वरूप : निवाऱ्यातील दिवसाची सुरुवात स्वच्छतेने होते. प्राण्यांना खाऊ घालणे व कुरवाळणे यांसाठी पुष्कळजण उत्सुक असतात. पिंजरे धुण्यास मात्र माणसे अपुरी पडतात. स्वच्छतेचा क्रम ठरलेला असतो. प्रथम निरोगी पिलांचे खाने, नंतर मोठ्या प्राण्यांचे आणि सर्वांत शेवटी संसर्गजन्य रोग झालेल्यांचे खाने धुतात. प्रत्येक विभागाच्या बादल्या, झाडू व भांडी वेगळी ठेवावी लागतात. कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो या विषाणुजन्य रोगात रक्ती हगवण लागून लहान पिले दोन-तीन दिवसांत दगावू शकतात. याचा विषाणू जमिनीवर व वस्तूंवर अनेक महिने टिकून राहतो आणि साध्या साबणाने नष्ट होत नाही. त्यासाठी विरंजक चूर्णाचे (ब्लीचिंग पावडरचे) ताजे द्रावण लागते. रोगी पिलास हाताळून त्याच कपड्यांनिशी निरोगी पिलास उचलणारा स्वयंसेवक स्वतःच्या नकळत रोगवाहक बनतो.

खाऊ घालण्याच्या वेळी प्रत्येक प्राण्याने किती खाल्ले, मलमूत्र कसे आहे, चाल व डोळे कसे दिसतात, याची नोंद त्याच्या कार्डावर करतात. कुत्र्याचे शरीराचे तापमान सामान्यतः ३८° ते ३९° से. असते, म्हणजे माणसापेक्षा किंचित जास्त. त्यामुळे केवळ हाताला अंग गरम लागते म्हणून ताप आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. पशुवैद्य दिवसातून एकदाच फेरी घेत असेल, तर मधल्या काळातील त्याचे डोळे म्हणजे स्वयंसेवकाची नोंद होय. कांदा, मनुका व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात. गाईचे दूध अनेक प्रौढ मांजरांना पचत नाही. घरून आणलेला खाऊ परस्पर न देण्याचा नियम यामुळेच करण्यात येतो. यांशिवाय कुत्र्यांना फिरविणे, भेदरलेल्या प्राण्यास माणसाची सवय लावणे, पोरक्या पिलांना ठराविक अंतराने बाटलीने दूध पाजणे, औषधे व खाद्याचा साठा मोजणे, हिशेब ठेवणे, दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांच्या मुलाखती घेणे आणि दत्तक गेलेल्या प्राण्याच्या घरी नंतर भेट देणे ही कामेही स्वयंसेवक करतात. ज्यांना प्राण्यांची भीती किंवा त्यांच्या केसांची अधिहृषता (ॲलर्जी) आहे, अशांनाही कार्यालयीन कामात सहभागी होता येते.

ऋतुमानाप्रमाणे कामाचा भार बदलतो. पावसाळ्यात परळ-दादर भागांत, विशेषतः हिंदमाता परिसरात, पाणी साचते. त्या दिवसांत उघड्या जखमांवर माश्या बसून अळ्या पडलेले प्राणी मोठ्या संख्येने येतात. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेली पाळीव कुत्री वाट चुकतात. उन्हाळ्यात उष्म्याने गळून पडलेले पक्षी सापडतात. उन्हाळी सुटीवर जाणाऱ्या कुटुंबांना प्राणी कोणाकडे ठेवावा हा प्रश्न पडतो. दाट वस्तीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात अशा प्राण्यास तात्पुरते सांभाळणे अवघड असते. तरी मध्य मुंबईतील चाळींत एखाद्या मांजरास किंवा कुत्र्यास अनेक बिऱ्हाडांनी मिळून खाऊ घालण्याची रीत आहे. गिरण्यांच्या व चाळींच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहू लागल्यावर हा सामाईक सांभाळ करणारी वस्तीच विखुरली. माणसांची पुनर्वसनाची यादी तयार होते. चाळीच्या चौकातील प्राण्यांची होत नाही.

प्रशिक्षण व सुरक्षितता : नव्या स्वयंसेवकास प्रथम प्राण्यांची देहबोली ओळखण्यास शिकवितात. घाबरलेले कुत्रे कान मागे टाकते, शेपटी पायांत घेते, ओठ चाटते किंवा अंग ताठ करून नजर चुकविते. त्याच्यावर ओणवे होऊन डोक्यावर हात ठेवल्यास ते स्वसंरक्षणार्थ चावण्याचा संभव असतो. त्यामुळे बाजूने जाणे, नजर न रोखणे व प्राण्याला आपणहून जवळ येऊ देणे ही रीत अवलंबितात. वेदनेत असलेला अत्यंत लाघवी प्राणीही चावू शकतो. म्हणून जखमी कुत्र्यास उचलण्यापूर्वी त्याचे तोंड पट्टीने सैलसर बांधतात व मांजरास जाड पंचात गुंडाळतात. दार उघडण्यापूर्वी गळ्यातील पट्टा तपासणे हा सर्वांत साधा व सर्वांत अधिक वेळा विसरला जाणारा नियम आहे.

अलर्क रोग (पिसाळी, रेबीज) हा या कार्यातील सर्वांत गंभीर धोका होय. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो; माणसास होणाऱ्या या रोगाच्या बहुसंख्य प्रकरणांत तो कुत्र्यापासून आलेला असतो [⟶ अलर्क रोग]. निवाऱ्यात नियमित काम करणाऱ्याने कामास आरंभ करण्यापूर्वीच प्रतिबंधक लस घेणे आवश्यक असते. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम ताबडतोब साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि पूर्वी लस घेतलेली असली, तरी वैद्याकडे जाऊन पुढील मात्रा घ्याव्यात. हळद, चुना, तिखट इ. लावू नये. मेंढ्यांच्या मेंदूपासून तयार केलेली व पोटात अनेक इंजेक्शने घ्यावी लागणारी जुनी लस भारतात २००४ च्या सुमारास बंद झाली. तिच्या स्थानी आलेल्या ऊतिसंवर्धित लशीची मोजकीच इंजेक्शने दंडात घ्यावी लागतात. तथापि जुन्या लशीच्या भीतीने चावा लपविण्याची वृत्ती काही ठिकाणी अद्यापि आढळते. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होण्याचा धोका असल्याने गमबूट वापरतात. दाद, खरूज यांसारखे त्वचारोगही प्राण्यांपासून माणसास होऊ शकतात.

कायदा : भारतात या विषयाचा मुख्य आधार म्हणजे प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० हा होय. त्यानुसार १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत. क्लेश पावलेल्या प्राण्यास पशुचिकित्सालयात किंवा पांजरपोळात पाठविण्याचा आदेश दंडाधिकाऱ्यास देता येतो, अशी तरतूद या अधिनियमात आहे. म्हणजे एका पारंपरिक संस्थेस आधुनिक कायद्याने आपल्या व्यवस्थेत स्थान दिले आहे. उपासमार होईल अशा रीतीने प्राणी सोडून देणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या अपराधास या अधिनियमाने ठरविलेला दंड केवळ १० ते ५० रुपये असल्याने त्याचा धाक उरलेला नाही. प्राण्यास ठार मारणे किंवा विकलांग करणे यांसाठी भारतीय न्याय संहिता, २०२३ हिच्या कलम ३२५ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार रोगनिदान, औषधयोजना व शस्त्रक्रिया यांचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यासच असतो. अनुभवी स्वयंसेवकानेही आपल्या अंदाजाने औषध देणे कायद्याच्या व प्राण्याच्या हिताच्या दृष्टीने गैर ठरते.

मर्यादा व वाद : प्रत्येक निवाऱ्यासमोरील मूलभूत अडचण जागेची असते. दारात आलेला प्राणी परत पाठविणे क्रूरपणाचे वाटते. परंतु दहा प्राण्यांच्या जागेत तीस प्राणी ठेवल्यास मारामाऱ्या, उपासमार व साथी यांमुळे आत असलेल्यांचेच हाल होतात. प्रवेश नाकारण्याचा निर्णय संस्थेचे चालक घेत असले, तरी प्राणी घेऊन आलेल्या माणसास तो सांगण्याचे काम बहुधा दारावरील स्वयंसेवकाच्या वाट्यास येते. अशा वेळी नुसता नकार न देता प्रथमोपचार कोठे मिळतील, पिले आईजवळच ठेवणे का हिताचे आहे, निर्बीजीकरणासाठी कोठे नोंद करावी, हे सांगितल्यास अनेक प्राण्यांना निवाऱ्याची गरजच पडत नाही. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा न्यासाने लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय सुरू केले. अशा रुग्णालयामुळे उपचारांची सोय वाढते. परंतु बरे झालेल्या निराधार प्राण्याने जावे कोठे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसरा कठीण प्रश्न असाध्य रोगाने किंवा जखमेने तळमळणाऱ्या प्राण्याचा आहे. पांजरपोळाची परंपरा नैसर्गिक मृत्यूपर्यंत शुश्रूषा करण्याचा आग्रह धरते. पशुवैद्यकाच्या मते अशा प्राण्यास वेदनारहित मरण देणे हीही दया असू शकते, आणि कायद्याने त्यास ठराविक परिस्थितीत मुभा दिली आहे. हा निर्णय स्वयंसेवकाचा नसतो; परंतु ज्याने महिनाभर त्या प्राण्यास भरविले, त्याच्या मनावर त्याचा आघात होतो. अशा आघातांमुळे व सततच्या दुःखदर्शनाने मन बधिर होऊन अनेक स्वयंसेवक थोड्याच अवधीत हे काम सोडतात. म्हणून अनुभवी संस्था आठवड्यातील ठराविक तास, कामांची अदलाबदल व सहकाऱ्यांशी मोकळी चर्चा यांवर भर देतात.

प्राण्यांविषयीची आस्था व सार्वजनिक आरोग्य यांतील संघर्ष २०२५ मध्ये विशेष तीव्र झाला. दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून त्या वर्षी मोठे आंदोलन झाले. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारे फुप्फुसांचे विकार हा एका बाजूचा मुद्दा होता, तर पक्ष्यांना दाणे घालण्याची धार्मिक परंपरा हा दुसऱ्या बाजूचा; प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. पुढे तो बदलून, अलर्करोगी व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावे आणि त्यांना नेमलेल्या जागीच खाऊ घालावे, असे ठरविण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके इ. ठिकाणची कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवण्याचा आणि ती पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश निघाला. चावल्या गेलेल्या मुलाच्या आईवडिलांची भीती खरी असते आणि गल्लीतील कुत्र्यास वर्षानुवर्षे भरविणाऱ्याची माया ही देखील खरी असते. या दोहोंमध्ये लसीकरणाची नोंद दाखवू शकणारा, नेमल्या जागी व नेमल्या वेळी खाऊ घालून जागा स्वच्छ करणारा स्वयंसेवक दुवा ठरू शकतो. कोठेही अन्न टाकून निघून जाणारा मात्र प्राण्यांविरुद्धचा रोष वाढवितो.

मुंबईत १८३२ च्या दंग्यापासून आजपर्यंत हा प्रश्न कधी दंडशक्तीने, कधी दानाने, तर कधी शस्त्रक्रियेने सोडविण्याचे प्रयत्न झाले. यांपैकी दान व शस्त्रक्रिया या दोन्ही उपायांना दररोज काम करणाऱ्या हातांची गरज असते. एक दिवस मोठ्या उत्साहाने येऊन दहा तास राबणाऱ्यापेक्षा दर रविवारी सकाळी दोन तास न चुकता येणारा स्वयंसेवक निवाऱ्यास अधिक उपयोगी पडतो. कारण त्याच्या येण्यावर विसंबून कर्मचाऱ्यांची विभागणी, औषधांच्या वेळा व प्राण्यांचे फिरणे ठरविता येते. प्राण्यांनाही त्याच्या पावलांची ओळख पटते व तपासणीच्या वेळी ती कमी बिथरतात. माणसावरील विश्वास गमावलेला प्राणी पुन्हा घरात राहण्याजोगा होतो, तो मुख्यतः अशा नियमित सहवासामुळेच. [⟶ पशुवैद्यक, पांजरपोळ].